पाटीचा मान

सडकेच्या कामावरच्या मैलकुल्यांनी पाटीचा खांब खड्ड्यात उभा केला, भोवती दगड ठोकले, आणि तो सरळ आहे की नाही हे ओव्हरसियर साहेबांनी एक डोळा मिटून पाहिलं. पूनमसिंगनंही एक डोळा मिटला. पाटी त्याच्या वावराच्या धुऱ्यावर लागत होती, तेव्हा तेवढा हक्क त्याला होताच.

देवीलाल नायकाला दोन्ही डोळे उघडे ठेवून ते पाहवत नव्हतं.

वर लाल त्रिकोण, मध्ये काळी वाकडी रेघ, खाली ‘धोक्याचे वळण. वाहने सावकाश हाका.’ यवतमाळहून बाभुळगावकडे जाणाऱ्या सडकेवर इतकी देखणी चीज दुसरी नव्हती. कडेचे दगड चुन्यानं असे पांढरे केले होते, की कुणाला वाटावं पूनमसिंगकडे लगीन आहे. आणि हे सगळं कशामुळे, तर पावसाळ्यात सरकीचा एक ट्रक त्याच्या तुरीत उलटला म्हणून. त्या ट्रकनं जरासा दम धरला असता, तर तो पुढं देवीलालच्या वावरात, पऱ्हाटीत उलटला असता. पण नशीबच वाकडं, तिथं सडक सरळ असून काय उपयोग?

“साहेब,” देवीलाल म्हणाला, “एक पाटी माह्या वावरासमोर पन लावा.”

“तिथं वळण कुठंय?”

“वळण नाही म्हणून त मोटारी सुसाट पळतात. खरा धोका तिथंच हाय.”

साहेबांना ते पटलं. पण पटलेल्या गोष्टीची सरकारात सोय नसते. “अपघात झालाय का कधी?”

“केवढा लागते?”

साहेबांनी टोपी काढून टाळूवरचा घाम पुसला.

“माही बकरी मेली ना मोटारीखाली,” देवीलाल म्हणाला. “गाभण होती.”

“बकरी चालत नाही.”

पूनमसिंगनं साहेबांना पाण्याचा गडवा दिला. “बकरीचं काय घेऊन बसले, नायक? इथं ड्रायव्हरचा पाय मोडला,” तो नम्रपणे म्हणाला. “दोन जागी.”

बंजाऱ्यांच्या तांड्याला नाव असतं ते त्याच्या म्होरक्याचं, नायकाचं. रामधन नायक होता तोवर हा रामधनचा तांडा होता. तो गेला, पोरानं पगडी बांधली, त्या दिवसापासून देवीलालचा. त्यासाठी कुणाला ट्रक उलटवावा लागला नव्हता. पण तो उलटल्यापासून एस.टी. या वळणावर हळू होऊ लागली. हळू होते म्हणून लोक हात दाखवू लागले, हात दाखवतात म्हणून ती थांबू लागली. आणि थांब्याला नाव लागतं.

एस.टी. आलीच. नवी पाटी पाहून ड्रायव्हरनं नेहमीपेक्षाही अदबीनं वेग उतरवला.

“चला, पूनमसिंग तांडा!” कंडक्टर ओरडला.

पूनमसिंगनं मान खाली घातली. हे नाव ऐकताना मान खाली घालायची असते, हे त्याला अलीकडे चांगलं साधलं होतं.

गाडीतून आधी एक गाठोडं उतरलं आणि मागून हंसाबाई, देवीलालची बायको.

“तू कायले उतरली इथं?”

“मंग कुठं उतरू? पुढं थांबते का ते?”

“त्यानं काय नाव घेतलं, आयकलं नाही?”

“आयकलं ना. तिकीट त्याच नावानं भेटलं,” ती गाठोडं डोक्यावर घेत म्हणाली. “पह्यले तुमचं नाव सांगतलं, त कंडक्टर म्हणे, असं गाव नाही बाई सडकेवर.”

एक मैलकुली खोकला. खोकण्यासारखं त्याला काही झालेलं नव्हतं.

“जाऊ द्या, नायक,” पूनमसिंग म्हणाला. “तांडा त आपल्या सगळ्यायचाच हाय.” मन मोठं करायला त्याला आता सरकारची पाटी मिळालेली होती.

देवीलालनं पगडी सारखी केली. मग तो उभ्या एस.टी.समोरून सडकेवर गेला आणि मधोमध चालू लागला, हात मागं बांधून, आपलं वावर पाहत.

“अहो, कडेनं चाला! कायदा आहे!” साहेब ओरडले.

भोंगा वाजला. पुन्हा वाजला. देवीलाल बाजूला झाला नाही. ड्रायव्हरनं आधी शिव्या दिल्या, मग तेही सोडलं. देवीलालच्या पऱ्हाटीच्या या टोकापासून एस.टी. त्याच्या मागं बैलगाडीच्या चालीनं येऊ लागली. त्या सरळ सडकेवर इतकं सावकाश आजवर कुठलंही वाहन गेलं नव्हतं.

खिडक्यांतून डोकी बाहेर आली. “कोन हाय बे हा?” एका म्हाताऱ्यानं विचारलं.

“काही नाही, आजोबा,” दारात लटकलेला कंडक्टर म्हणाला. “पूनमसिंगच्या तांड्यातला हाय कोनी तरी.”

देवीलालनं चाल आणखी हळू केली.