मुखावरचं बटण

शिवांगीने मोबाइल चतुराबाईंच्या हातात दिला आणि तोंडाला कुलूप लावलं. चाचणीचा नियमच तसा. साईट वापरणाऱ्याला काम सांगायचं आणि मग हूं की चूं करायचं नाही. चुकला तर चुकू द्यायचा.

"मावशी, यात देवीचं आराधी गाणं आहे. ते लावून दाखवा," एवढंच काय ते तिने सांगितलं होतं.

माहूरच्या देवळाच्या पायऱ्यांवर चतुराबाईंचं, देवीला भरवायच्या कुटलेल्या तांबुलाचं दुकान. दुकान कसलं, एक पाट, एक खलबत्ता आणि विड्याच्या पानांची टोपली. त्यांनी लाल झालेली बोटं पदराला पुसली, मोबाइल दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि टोपलीला टेकवून उभा केला. मग हात जोडून बसल्या. एक मिनिट झालं, दोन झाली. बाई हलायला तयार नाहीत.

पाठीमागे वीरेश सर घड्याळ बघत उभे होते. गाणी, नकला, विनोद असल्या करमणुकीची वेबसाईट ते लातुरातून चालवत. त्यातला आराधी विभाग तेवढा शिवांगीचा. वर्षभर गावोगाव हिंडून तिने बायकांची गाणी जमवली, वेबसाईटवरचं पानही स्वतःच रचलं. आणि गाणं कुणी म्हणजे कुणी लावेना. सोमवारी विभाग बंद, असं सरांनी सांगून टाकलं होतं. एकदा तुमच्यासमोर चाचणी घेते, मग काय ते करा, म्हणून ती हटून बसली, तेव्हा कुठे ते इथवर आले.

तसं बघितलं तर पानात खोट काढायला जागा नव्हती. ऑफिसात कॉलेजच्या पोरांना बसवलं होतं, सगळ्यांनी चुटकीसरशी गाणं लावलं. काळीभोर पार्श्वभूमी, त्यावर पडदाभर देवीचं शेंदरी मुख. माहूरच्या देवीचं मुखच पुजतात, धड नाही. आणि त्या मुखाच्या बरोबर मधोमध पांढरं गोल बटण. न सापडायला काय झालं?

पडदा मंद व्हायला लागला तशा चतुराबाई दचकल्या.

"इझू देऊ नको गं पोरी."

शिवांगीने कडेला बोट लावलं. पडदा उजळला. बाईंचे हात पुन्हा जोडलेले.

"चार मिनिटं झाली," सर म्हणाले. "त्यांना कळतच नाही. सोपं कर, सोपं कर म्हणून किती डोकं फोडलं तुझ्यापाशी. बास झालं आता."

नियम गेला खड्ड्यात, म्हणत शिवांगी खाली बसली. "मावशी, बटण दिसत नाही का तुम्हाला?"

"न दिसायला काय? नाकावरच तर हाय."

"मग दाबत का नाही?"

चतुराबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. शिकल्या-सवरल्या पोरीला हेही सांगावं लागतं याचं त्यांना नवल वाटलं असावं.

"आईच्या तोंडावर बोट दाबू व्हय? तिथं पुजाऱ्याच्या हातानं इडा जातो, बास. आपण डोळं भरून बघावं अन् हात जोडावं. मघापासनं तेच तर करून राहिले मी."

सरांनी खिशातून आपला मोबाइल काढला आणि पानाचे आकडे उघडले. शिवांगी उठून शेजारी उभी राहिली. पान उघडलं अकराशे चाळीस जणांनी. गाणं लावलं एकवीस जणांनी, तेही सगळे ऑफिसातले आणि ओळखीचे. बाकीचे सरासरी चार मिनिटं थांबले आणि काहीही न करता निघून गेले. लोक पान उघडून डुलक्या काढतात, अशी ऑफिसात चेष्टा चालायची. शिवांगीही हसली होती त्यात.

म्हणजे किनवटच्या वसतिगृहात कुणी, मुदखेडच्या फलाटावर कुणी, कुणी चुलीपुढे, हजारावर माणसं तिच्या पानासमोर हात जोडून थांबली होती. तिने रंग निवडले, अक्षरं निवडली, बटणाचा गोल चारदा बदलला. देऊळ केव्हा झालं याचा तिला पत्ताच नव्हता.

"सर, पाच मिनिटं द्या," ती म्हणाली.

पायरीवरच लॅपटॉप उघडून तिने बटण मुखावरून काढलं. खाली, चित्राच्या चौकटीबाहेर, कुंकवाच्या रंगात एक लांबट पट्टी केली आणि तिच्यावर लिहिलं, 'गाणं ऐका'. पान पुन्हा उघडून मोबाइल बाईंपुढे ठेवला. आता काही सांगितलं नाही.

चतुराबाईंनी आधी देवीला हात जोडले. मग करंगळीने पट्टी दाबली.

संबळ वाजला. त्यामागून बायकांचे आवाज उठले, मोकळे, उघड्या माळावरचे. वर चाललेल्या दोघी-तिघी थबकल्या. एकीने डोक्यावरची पिशवी खाली ठेवली आणि तिथेच ताल धरला. चतुराबाई डोळे मिटून डोलायला लागल्या.

गाणं संपेपर्यंत सर जागचे हलले नाहीत. "सोमवारचं राहू दे," शिवांगीला म्हणाले, आणि चतुराबाईंच्या पाटासमोर पायरीवर बसले.

"मावशी, ते बटण मी रोज दाबत होतो. पन्नास पन्नास वेळा. तपासायला म्हणून."

चतुराबाईंनी बत्ता हातात घेतला.

"त्याचं काय मनाला लावून घेऊ नका, साहेब. तुमाला कुठं आई दिसली होती? तुमाला बटणच दिसलं असंल."