चढावरची चेन

चढावर वीरप्पा आजही थांबले होते. सायकल स्टँडवर लावलेली, स्वतः उकिडवे बसलेले, हात चेनीपाशी. खाली दोनशे पावलांवर अमरसिंह मास्तरांनी ब्रेक दाबला आणि लिंबाच्या झाडाखाली पाय टेकवला. पडली वाटतं चेन, ते मनाशी म्हणाले. रोजचंच होतं ते.

लोहारा ते माकणीचं धरण, हा रस्ता दोघांनी आठ वर्षं जोडीनं तुडवला होता. वीरप्पा निवृत्त पोस्टमन, वय सत्तर. पस्तीस वर्षं त्यांनी सायकलवर गावोगाव टपाल वाटलं होतं. मास्तर त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. त्यांना सायकलीचा नाद लावला तो वीरप्पांनीच. पाऊस असो की थंडी, सहाच्या ठोक्याला दोन घंट्या वाजायच्या. सरकार यांना पेन्शन देतं ते टायर झिजवायला, असं लोक म्हणायचे.

मग मास्तरांचं बायपास झालं. बरे झाल्यावर पुण्याच्या मुलानं बॅटरीची सायकल पाठवली. आपण पायडल मारत राहायचं, चढ आला की मोटार जोर लावते. पहिल्याच दिवशी चहाच्या टपरीवर वीरप्पा सगळ्यांदेखत म्हणाले, "मास्तर, ही कसली सायकल? ही तर फटफटी! आता तुमची आमची जोडी कशी जमायची?"

टपरी खदखदून हसली. मास्तर हसले नाहीत. छातीवरची जखम भरली होती, पण हे बोलणं तिच्याही खाली जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम पाव तास उशिरा निघाले. तरी चढावर वीरप्पा दिसलेच, चेनीशी खटपट करताना. मास्तरांनी बटण दाबलं असतं तर अर्ध्या मिनिटात ते पुढे गेले असते. पण ज्या माणसानं हा चढ चढायला शिकवलं, त्याला मोटारीच्या जोरावर मागं टाकायचं? मन घेईना. आपणहून बोलायचं म्हटलं तर जीभ उचलेना. ते लिंबाखाली उभे राहिले. वीरप्पांनी एकदा मागं वळून पाहिलं, हातानं चाक फिरवलं आणि निघून गेले.

तेव्हापासून हेच चाललं होतं. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात गच्च बसायची, दोन्ही बाजूंचं सोयाबीन गुडघ्याला लागायचं. चढावर वीरप्पा डोक्यावर पोतं घेऊन चेनीपाशी बसलेले असायचे. थंडीत धरणावरून धुकं यायचं, त्यात त्यांचा तांबडा मफलर तेवढा दिसायचा. धरणावर एक जण भिंतीच्या या टोकाला बसायचा, दुसरा त्या टोकाला. मास्तरांची बायको नातवाला सांभाळायला पुण्यात राहिली होती. घरात बोलायला माणूस नव्हतं. आठ वर्षं ज्याच्याशी रोज तास-दोन तास गप्पा झाल्या, तो माणूस दोनशे पावलांवर होता, आणि तेवढी दोनशे पावलं मास्तरांना काही केल्या तुटत नव्हती. कधी कधी लिंबाखाली उभं असताना त्यांना रडू यायचं. मग ते बाटलीतलं पाणी तोंडावर मारायचे.

पोळ्याच्या सुमारास त्यांनी बाजारातून एक नवी चेन आणली. म्हाताऱ्याची सायकल मोडीत निघाली तरी हेका सुटत नाही, असं स्वतःशीच पुटपुटत ती सायकलीला अडकवलेल्या पिशवीत टाकली. द्यायचं धाडस मात्र झालं नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. चेन कागदातच राहिली.

आज वीरप्पा हलले की निघता यावं म्हणून मास्तरांनी पाणी पिऊन बटण दाबलं तर सायकलीवरचा छोटा दिवा लागलाच नाही. रात्रभर लाइट नव्हती, बॅटरी भरलीच नव्हती. त्यांनी एकदा चढाकडे पाहिलं, एकदा मागं लोहाऱ्याच्या रस्त्याकडे. मग खाली उतरून ती जडशीळ सायकल ढकलायला सुरुवात केली. आता मोटारीनं कुणाला मागं टाकायचा प्रश्नच उरला नव्हता.

वर पोचेपर्यंत त्यांचा दम निघाला. वीरप्पा अजून तसेच बसून होते. बारा महिन्यांत ते किती वाळले होते, हे मास्तरांना आत्ता दिसलं.

"आप्पा, चेन पडली का?"

"पडली." वीरप्पांनी मान वर केली नाही.

"सरका. मी बसवतो. नवीच आणलीय मी, कधीची पिशवीत पडून आहे." मास्तर कागद सोडत शेजारी टेकले आणि त्यांनी वाकून पाहिलं.

चेन पुढच्या-मागच्या दोन्ही दातेरी चकत्यांवर ताठ बसली होती. नुकतं तेल दिलेली, चकचकीत. मास्तरांनी वीरप्पांच्या हातांकडे पाहिलं. चेन चढवणाऱ्याचे हात काळे होतात. वीरप्पांचे हात स्वच्छ होते, एका बोटाला तंबाखूचा चुना तेवढा लागला होता.

"आप्पा, चेन तर जागेवर आहे."

वीरप्पांनी ते स्वच्छ हात धोतराला पुसले.

"ती वरीसभर जागेवरच हाय, मास्तर. तुमीच लई उशीर केलाव."