भिंतीपलीकडचं नाव

पिलाजीराव हातात नारळ घेऊन इंदिराबाईंच्या दारात उभे होते. घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या या दोन घरांत भिंत एकच, पण या उंबरठ्याला ते आजवर शिवले नव्हते.

"इंदिराबेन, हात जोडतो. माझ्या नावानं जे काय करता, ते बंद करा."

"मी काय करते?"

"रोज दिवेलागणीला भिंतीतून ऐकू येतं. काहीतरी पुटपुटता नि मधेच माझं नाव घेता. इकडे माझ्या बायकोचा, नलिनीचा ताप हटत नाही. डॉक्टर झाला, भूत उतरवणारा भुवा झाला, मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. तळतळाट आहे हा तुमचा!"

तळतळाट लागावा असं त्यांनी केलंही होतं. नळावर सगळ्यांदेखत ते ख्रिस्ती झालेल्या बाईंना 'बाटगी' म्हणत, भरलेली कळशी लाथेनं उडवत. बाई हूं की चूं न करता कळशी पुन्हा रांगेत लावत. उलट शिवी आली असती तर पिलाजीराव सुखानं जेवले असते. त्या गप्प बसण्यानं मात्र त्यांची झोप उडवली होती.

इंदिराबाईंनी नारळ घेतला नाही.

"प्रार्थना करते मी. शिव्या देणाऱ्यासाठी आशीर्वाद मागावा, अशी आम्हाला शिकवण आहे. तुमचं भलं व्हावं म्हणून मागते."

"माझं?" पिलाजीरावांना घाम फुटला. करणीला उतारा असतो, याला काय असतो? "नको! चार शिव्या हासडा, फिटंफाट करा. पण नाव घेऊ नका माझं."

"शिव्या मलाही येतात, पिलाजीराव." बाईंचा आवाज पहिल्यांदाच कापला. "तुमच्याच ऐकून पाठ झाल्यात. रोज ओठांवर येतात. देवापुढे तुमचं नाव घेते, तेव्हा कुठे खाली उतरतात. नको म्हणता, तर आज नाही घेणार. नलिनीवहिनींचं तेवढं घेईन."

त्यांनी दार लोटून घेतलं.

संध्याकाळी घरोघरी केबलवरच्या मालिका सुरू झाल्या. पिलाजीराव नलिनीच्या कपाळावरची पट्टी बदलत होते. भिंतीतून पुटपुट आली. नलिनीचं नाव आलं. थोड्या वेळानं पुन्हा आलं. मग सगळं शांत झालं.

खरं तर त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडायला हवा होता. पट्टी हातात तशीच घेऊन ते उठले आणि भिंतीला कान लावून उभे राहिले.

"काय ऐकताय एवढं?" नलिनीनं क्षीण आवाजात विचारलं.

"थांब, बोलू नकोस," ते म्हणाले. "अजून माझं नाव यायचंय."