होडीची फळी

वाटणी झाल्यापासून किशनराव आणि त्यांचा धाकटा भाऊ परमेश्वर एकमेकांशी बोलत नव्हते. पण गोदावरीपल्याडच्या रानात कापूस फुटला, आणि दोघांत होडी एकच. तिचीही फळी कुजलेली. नवी फळी बसवायला दोन माणसं लागतातच. एकानं बाहेरून खिळा ठोकायचा, दुसऱ्यानं आतून लोखंडाचा तुकडा धरून खिळ्याचं टोक वळवायचं. किशनराव मुकाट्यानं होडीत जाऊन बसले. शेवटी बाहेरून परमेश्वरला विचारावंच लागलं, “हाणू का?”

“हाण.”

असं करत करत फळी पक्की बसली. आता फटींत काथ्या आणि डांबर भरायचं तेवढं राहिलं. किशनराव उठणार, तोच बाहेरून आवाज आला, “दादा, आनखी एक हाणू का?”

किशनरावांनी फळीवरून हात फिरवला. कुठंच गरज नव्हती. ते पुन्हा मांडी घालून बसले.

“हाण की. कुठं घाई हाय?”