हिऱ्याचा सातबारा

व्यंकटरावांनी लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेट काउंटरच्या काचेवर असं आपटलं, की आतल्या अंगठ्या हलल्या.

"दगाबाज हाव तुमी," ते म्हणाले. "ह्यो तुमचा कागद अन् ह्यो तुमचा हिरा. कंधारच्या सराफानं भिंग लावलं अन् म्हणला, अमेरिकन डायमंड हाय. सकाळी पाहुण्यांनी खडा परत धाडला अन् निरोप दिला, लग्न मोडलं म्हणून. चार लोकांत माझी इज्जत घालवली तुमी."

लातूरच्या त्या दुकानात बसलेलं एक गिऱ्हाईक उठून गेलं. दुकानदार भीमाशंकरअप्पांनी त्याला थांबवलं नाही. त्यांनी पुडी उघडली आणि आतला खडा चिमट्याने उचलला. व्यंकटरावांच्या मागे त्यांची लेक तनुजा उभी होती. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं. जळकोटहून निघताना ती आपणहून गाडीत येऊन बसली, आणि बापाला रागाच्या भरात तिला उतरवायचं सुचलं नाही.

हिरा तिच्याच साखरपुड्याचा. मुलगा आदिनाथ, कंधारचा, सरकारी नोकरीत लागलेला. त्याच्या आईची अट होती की अंगठी हिऱ्याची पाहिजे, पण आधी सुटा खडा पाठवा. त्यांच्याकडे खडा पांढऱ्या कापडात घालून पोराच्या दंडाला बांधतात आणि मानवला तरच सोन्यात बसवतात. व्यंकटरावांना हे लगेच पटलं. असं स्थळ हातचं जाऊ नये म्हणून त्यांना काहीही पटलं असतं. तनुजा पहिल्यापासून फुगलेली होती. पण लग्न ठरलं की पोरी फुगतातच, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

अप्पांनी भिंगातून खडा फिरवून फिरवून पाहिला.

"कागद खरा हाय," ते म्हणाले. "खडा माझा न्हाई."

"आता हेच म्हणणार तुमी."

"हिरा नेला त्या दिवशी मी काय म्हणलो व्हतो ते आठवा. सर्टिफिकेटवर जो नंबर हाय, त्योच हिऱ्याच्या कडेला लेझरनं कोरलेला हाय. भिंगातून जुळवून घ्या म्हणलो. तुमी म्हणलाव, कागद हातात हाय ना, बास झालं. ह्या खड्याच्या कडेला बगा. काहीच न्हाई."

ते खरं होतं. व्यंकटरावांनी जन्मभर जमीन राखली ती कागदाच्या जोरावर. घरी गेल्या गेल्या त्यांनी सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलं आणि लोखंडी कपाटात सातबाऱ्याच्या फायलीत कुलूपबंद केलं. हिरा ठेवला देवघरात, कुंकवाच्या करंड्यात. कंधारला खड्याबरोबर गेली ती सर्टिफिकेटची झेरॉक्स. मूळ कागद दुसऱ्याच्या घरात जाऊ देणारा माणूस तो नव्हे. कागद कुलपात आणि हिरा उघड्यावर, असल्या शहाणपणाचा नुसता संताप येतो.

त्या दिवशी भिंगातून पाहिलं होतं ते फक्त तनुजाने. नंबर एकेक आकडा करत वाचून तिने सर्टिफिकेटशी जुळवला होता आणि अप्पांना विचारलं होतं, नंबर नसला तर? "तर मग त्यो कागद त्या दगडाचा न्हाई, माय," अप्पा म्हणाले होते. व्यंकटराव तेव्हा बाहेर फोनवर व्याह्यांना हिरा घेतल्याचं सांगत होते.

आता त्यांनी स्वतः भिंग डोळ्याला लावलं. पुष्कळ वेळ पाहिलं. भिंग खाली ठेवलं तेव्हा त्यांचा राग गेला नव्हता, त्याने फक्त तोंड फिरवलं होतं.

"म्हणजे त्यांनीच बदलला," ते म्हणाले. "दंडाला बांधायचं सोंग केलं, माझा हिरा ठेवून घेतला, अन् वरून मलाच चोर म्हणून राहिले." त्यांनी खिशातून फोन काढला आणि भावाला लावला. "बालाजी, जीप काढ. भावकीतली पोरं घे. आज कंधारला त्या आदिनाथला घराबाहेर ओढून काढायचं हाय."

"काकाला न्हाई म्हणून सांगा," तनुजा म्हणाली.

तिने ओढणीच्या टोकाची गाठ सोडली आणि एक खडा काचेवर ठेवला. अप्पांनी तो उचलला, भिंगाखाली धरला आणि सर्टिफिकेट जवळ ओढलं. एकदा खड्याकडे, एकदा कागदाकडे पाहत त्यांनी नंबर वाचला. सगळा जुळला. फोनमधून बालाजी हॅलो हॅलो करत होता. व्यंकटरावांनी फोन बंद केला.

"तुझ्याकडं कसा काय?"

"मीच बदलला. करंड्यातून घेतला. त्यांना गेला त्यो माझ्या माळेगावच्या जत्रेतल्या कानातल्याचा खडा व्हता."

व्यंकटरावांचा हात वर गेला. अप्पा काउंटरच्या मागून अर्धे उठले. तनुजा जागची हलली नाही. इतके दिवस गिळलेला राग तिच्या आवाजात होता.

"लग्न झाल्यावर कॉलेज बंद, परीक्षा बंद, असं आदिनाथनं मला फोनवर सांगितलं. मला हे लग्न करायचं न्हाई म्हणून तुमाला जेवताना सांगितलं, शेतात सांगितलं, आईसमोर रडून सांगितलं. त्यालाबी सांगितलं. तुमी हसलाव, त्योबी हसला."

वर गेलेला हात तिथेच राहिला होता.

"मी न्हाई म्हणले ते कुणी ऐकलं न्हाई, बाबा. खडा न्हाई म्हणला, तर एका दिवसात लग्न मोडलं."