परगाव

काडीमोडीनंतर थोरल्या पातीच्या दरबारानं हुकूम दिला होता की गोजराबाईनं दर सोमवारी शिपायाच्या देखत लेकीला भेटावं. आज जाऊन पाहतात तो नवऱ्यानं बिऱ्हाडच हलवलेलं, रस्त्यापलीकडच्या ओळीत. देवासात एकाच गावात राज्यं दोन: रस्त्याची ही बाजू थोरल्या पातीची, ती धाकटीची.

शिपाई रस्त्याच्या मधोमध थांबला. "माझी चपरास इथवरच चालते, बाई. पुढं परराज्य, तिथं आपल्या दरबाराचा हुकूम नाही. लेकीसाठी पाऊल टाकलंत तर त्यांचे शिपाई तुम्हालाच धरतील."

समोरच्या ओट्यावर लेक उभी होती. "आई! आबा म्हणाले, तू लांब परगावी गेलीस. कधी आलीस गं?"

गोजराबाईनं पदर तोंडाशी नेला.

"अजून कुठं पोचले, बाळ? वाटेतच आहे."