उष्टी आंबील

"आंबील प्यायचीय ना? मग नांदायला ये आणि रोज पी," सासूबाई म्हणाल्या.

वैजयंता उंबऱ्यातच उभी होती. नवऱ्याने हात उगारला म्हणून ती माहेरी निघून गेली होती, आणि आंबील मिळायची बंद झाल्यापासून तिच्या आतड्यांची सूज परत आली होती. पोटात आग पडायची, रक्त जायचं. औषध एकच होतं: तिच्या आतड्यांशी जुळणाऱ्या जंतूंनी आंबवलेली ज्वारीची कच्ची आंबील. डॉक्टरांनी ते जंतू तिच्याच पोटातून काढून वाढवले होते. पण आंबवणारं यंत्र सासरच्या नावावर होतं आणि त्याचं झाकण फक्त सासूबाईंच्या अंगठ्याच्या ठशाने उघडायचं.

"वाटीभर विरजण द्या, आत्या. माहेरी लावीन."

"घरातली वस्तू बाहेर जात नसते."

आत तिचा नवरा, हणमंत, तीच आंबील भुरकत बसला होता. पोटाला बरी वाटते म्हणून आता सगळं घरच ती प्यायचं. त्याने मानही वर केली नाही. वैजयंताच्या डोक्यात तिडीक गेली. ती चपलांसकट आत शिरली, त्याच्या हातातला वाडगा हिसकावून घेतला आणि उरलेली आंबील आपल्या डब्यात ओतली.

"नवऱ्याचं उष्टं पळवतेस? लाज नाही वाटत?" सासूबाई ओरडल्या.

"जंतू माझ्या पोटातले आहेत, आत्या. इतके दिवस तुम्ही सगळे माझंच उष्टं पिताय."

माहेरी पोचताच तिने ती आंबील ज्वारीच्या पिठात कालवली. सकाळी पीठ फसफसून वर आलं होतं. पहिला पेला तिने रागारागातच घटाघट रिकामा केला. दुसरा मात्र तिने सावकाश संपवला.